टोकाला टोक

थोरल्याने रॉकेलात बुडवलेलं फडकं पिळलं आणि तुटलेल्या दातेरी चाकाच्या पोटातलं ग्रीस पुसायला घेतलं. ग्रीस जुनं होतं, डांबरासारखं घट्ट झालेलं. मधल्या भोकाच्या कडेला चावीची खाच होती. चाक शाफ्टवर गरगर फिरू नये म्हणून जी लोखंडी चावी ठोकतात, तिची जागा. खाच पुसून निघाली तेव्हा तिच्या कोपऱ्यातून निघालेला तडा दिसला. केसाएवढा बारीक. थोरल्याने त्यावर अंगठ्याचं नख ठेवलं आणि तो जाईल तसं नख वर नेलं. तडा सरळ चढत गेला होता आणि दोन दातांच्या मधल्या खळग्यात उघडा पडला होता.

"तरीच," तो स्वतःशी म्हणाला.

खाचेमुळे तिथलं लोखंड मुळातच पातळ, आणि त्याच्याच डोक्यावर आणखी खळगा. चाक बिचारं दुसरीकडे कुठे तुटणार? आप्पांनी, त्याच्या वडिलांनी, असं कधी होऊ दिलं नसतं. ते गिअर कापायला बसले की दाताचं टोक बरोबर खाचेच्या डोक्यावर आणायचे. "जिथं अंग कमी, तिथं दात उभा करायचा," एवढंच सांगायचे.

थोरल्याने फडकं बाजूला टाकलं आणि भिंतीला लावलेल्या ड्रॉइंगसमोर जाऊन उभा राहिला. ड्रॉइंग याच तुटलेल्या चाकावरून काढलेलं होतं, जसंच्या तसं. खाचेच्या डोक्यावर त्यातही खळगाच होता.

शहराच्या पंपघरातला मोठा पंप बंद पडून वरच्या वस्तीचं पाणी तुटलं होतं. पंपघराच्या इंजिनिअरबाई सकाळीच गाडी घेऊन आल्या होत्या. चाक साधं नव्हतं. त्याच्या दात्यांचा व्ही होता, सगळ्या अंगभर एकामागे एक. असं चाक एकसंध कापता येत नाही. दोन चकत्या करायच्या, एकीवर उजवीकडे कललेले दाते पाडायचे, दुसरीवर डावीकडे कललेले, आणि मग दोन्ही बोल्टांनी एकमेकींवर आवळायच्या. तिरके दाते मधोमध टोकाला टोक लावून भेटले की व्ही झाला. बाईंनी तयार चकत्या आणल्या होत्या. एक त्यांनी थोरल्याच्या दारात उतरवली आणि दुसरी घेऊन शेजारच्या दारात गेल्या. शेजारचं दार धाकट्या भावाचं होतं.

यात बाईंचा इलाज नव्हता. एवढ्या मोठ्या दातांची कटरं साऱ्या गावात मिळून दोनच होती, दोन्ही आप्पांची. भावांनी वाटणी केली तेव्हा उजव्या कलाचं कटर थोरल्याने घेतलं आणि डाव्या कलाचं धाकट्याने. चपलांच्या जोडातली एकेक चप्पल वाटून घ्यावी, तसा हा शहाणपणा. त्या दिवसापासून दोघांपैकी एकालाही व्ही कापता आला नव्हता आणि दोघांपैकी एकानेही दुसऱ्याकडे कटर मागितलं नव्हतं. शेडच्या मधोमध छपरापर्यंत पत्रा ठोकला होता. अलीकडे आप्पांचं पट्ट्यावर चालणारं जुनं मशिन, पलीकडे धाकट्याचं कॉम्प्युटरवालं नवं.

बिनसलं होतं तेही या नव्या मशिनवरूनच. ते आलं त्या दिवशी पहिलं चाक चढवताना थोरला सहज बोलून गेला होता, "टोक खाचेवर घे रे." धाकटा आधीच घामाघूम झालेला, मशिन ऐकत नव्हतं, चार माणसं बघत होती. तो फिरून म्हणाला, "आप्पांचं आप्पांबरोबर गेलं. आता ड्रॉइंग सांगेल तसं होणार."

"मग ड्रॉइंगलाच दादा म्हण," थोरला म्हणाला होता.

धाकट्याने त्याला पुन्हा दादा म्हटलं नाही. दुसरंही काही म्हटलं नाही. आधी दोघांनाही वाटलं की दोन दिवसांत निवळेल. मग पत्रा ठोकला गेला, आणि पत्रा ठोकल्यावर बोलायला निमित्त काढावं लागतं. निमित्त कुणीच काढलं नाही.

थोरल्याने खिशातून फोन काढून इंजिनिअरबाईंना लावला. त्या पंपाच्या विहिरीत खाली उतरल्या असणार, फोन नुसताच वाजत राहिला. तो ठेवताना त्याच्या लक्षात आलं की बाईंनी उचलला असता तरी घोडं तिथेच अडलं असतं. टोक कुठे घेतलेलं बाईंना चालेल, हा प्रश्नच नव्हता. त्या जाताना स्पष्ट सांगून गेल्या होत्या, "बाकी काही असो, दोन्ही अर्धे जुळले पाहिजेत." चावीच्या खाचा आणि बोल्टांची भोकं चकत्यांवर आधीच पाडलेली होती. एकाने टोक खाचेवर घेतलं आणि दुसऱ्याने खळगा, तर चकत्या फिरवून जुळवायची सोय नव्हती. दोन्ही भंगारात जाणार. नव्या चकत्या ओतून यायच्या तर वरच्या वस्तीने तोवर काय घसा कोरडा ठेवायचा?

थोडक्यात, धाकटा काय करणार हे कळल्याशिवाय थोरल्याला पहिला दात पाडता येत नव्हता. आणि धाकटा काय करणार हे तर त्याने चार माणसांदेखत सांगून ठेवलं होतं. ड्रॉइंग सांगेल तसं.

मग प्रश्न मिटला. खळगा घ्यायचा, ड्रॉइंगप्रमाणे. चाक जुळेल, पंप चालेल, आणि कधीतरी त्याच जागी पुन्हा तडा जाईल. थोरल्याने फिरून तुटक्या चाकाकडे पाहिलं. तो तडा त्याला बघवेना.

डबा घेऊन बायको आली तेव्हा तो अजून तसाच उभा होता. तिने डबा बाकावर ठेवला, ड्रॉइंगकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"काय झालं? तोंड का उतरलंय?"

त्याने सांगितलं. इतक्या वर्षांत तिलाही खाच आणि खळगा कळायला लागला होता.

"एवढंच ना? मी विचारते जाऊबाईंना. आत्ता फोन करते." जावांचं बोलणं एक दिवसही बंद पडलं नव्हतं. भांडण शेडचं, घरांचं नाही, असं दोघींनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"नको."

"का नको?"

"तू मध्ये पडू नकोस. आमच्या कामाचं आहे ते."

"मग जा आणि विचारा. दहा पावलं नाहीत."

तिने डब्याचं झाकण उघडून त्याच्यापुढे सरकवलं आणि पत्र्यावर बोटाने टकटक केलं. "तुम्हा दोघांपेक्षा या पत्र्याला अक्कल जास्त. निदान इकडचं तिकडे ऐकू तरी घालतो."

हे मात्र खरं होतं. पत्र्यातून सगळं यायचं. धाकटा कधी आला, कुठलं लोखंड कापतोय, पाणी कमी पडून कटर कधी करकरलं, सगळं थोरल्याला बसल्या जागी कळायचं. मागे एकदा धाकट्याला खोकला झाला होता, तो किती दिवस राहिला हेसुद्धा त्याला माहीत होतं. त्या आठवड्यात त्याने आपल्या बाजूचा भाता पेटवला नव्हता, धूर पलीकडे जातो म्हणून. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

ती गेल्यावर त्याने दोन घास खाल्ले, डबा झाकला, हात धुतले आणि शेडबाहेर पडला. बाहेर ऊन कडक होतं. धाकट्याचं दार अर्धं उघडं होतं. आत सावलीत नव्या मशिनची हिरवी दिवली दिसत होती आणि तिच्यासमोर पाठमोरा धाकटा. त्याच्या मानेवरचे केस पांढरे झाले होते. थोरल्याला ते नवीन होतं. आवाजातून केस कसे दिसणार?

तो उंबऱ्याशी थांबला. विचारायचं काय? "टोक खाचेवर घेणार का?" म्हणजे पुन्हा तेच, त्याच मशिनसमोर, तेच वाक्य. आणि उत्तरही तेच आलं तर? एकदा ऐकलेलं पचवायला इतकी वर्षं गेली होती. शिवाय समजा तो पडलेल्या चेहऱ्याने हो म्हणाला, थोरल्याचा मान राखायला म्हणून, तर ते आणखीच वाईट. मान राखून घ्यायला थोरला आला नव्हता.

घसा खाकरावा असं त्याला वाटलं. खाकरला नाही. तो वळला आणि आल्या पावली परत गेला. वाटेत पडलेला एक बोल्ट त्याच्या पायाखाली येऊन खणकन वाजला. तो उचलून त्याने खिशात टाकला.

आपल्या शेडमध्ये येऊन तो बाकावर बसला. समोर चकती तयार पडली होती, गुळगुळीत, दातांशिवाय.

आप्पांना व्हीचं वेडच होतं. दोन्ही मुलांना घेऊन रस्त्याने निघाले की सगळीकडे बोट दाखवत चालायचे. वळणावरच्या काळ्या-पिवळ्या पाट्या, कुठे वळायचं ते सांगणाऱ्या. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचे जाडजूड दाते, चिखल बाहेर फेकणारे. हवालदाराच्या बाहीवरच्या पट्ट्या. श्रीमंत घरातली तिरक्या फळ्यांची लाकडी जमीन. एकदा तर त्यांनी आईच्या विणकामावर डोळे बारीक करून पाहिलं आणि ओरडलेच, "अगं, हा तर प्रत्येक टाका व्ही आहे! तू आयुष्यभर तेच करत आलीस आणि मला बोलली नाहीस!" आई म्हणाली होती, "तुम्ही कधी विचारलंत?" आभाळातून पक्षी कोनात उडत गेले की आप्पा काम सोडून अंगणात येत आणि मान दुखेपर्यंत वर बघत उभे राहत. मुलं हसायची. आप्पांना त्याचं काही नव्हतं.

"एकटा तिरका दात काय करतो?" ते विचारायचे.

"ढकलतो," दोघं एका सुरात म्हणायचे.

"कुठे?"

"बाजूला!"

"मग?"

"मग उलटा तिरका जोडायचा!"

"आणि मग तो बाजूचा जोर जातो कुठे?" यावर मुलांकडे उत्तर नसायचं. आप्पांकडेही नसावं. ते नुसते डोळे मोठे करायचे, जादूगार रिकामा हात दाखवताना करतो तसे. तिरक्या दातांचं चाक शाफ्टला एका अंगाला रेटत राहतं, बेअरिंग खातं, कुरकुरतं. व्हीचं चाक जागचं हलत नाही. हे दाखवायला आप्पा चालत्या पंपाच्या बेअरिंगच्या डब्यावर खडू उभा करून ठेवत. खडू उभाच राहायचा. मुलं श्वास रोखून त्याच्याकडे बघत बसायची.

थोरला उठला. चकती मशिनवर चढवायलाच हवी होती, बाकीचं नंतर. साखळीने उचलून त्याने ती मशिनच्या फिरत्या बशीवर टेकवली. तेवढ्यात पत्र्यापलीकडून आवाज आला.

ठक, ठक. मग जरा थांबून, बारीक, वरच्या सुरात, ठक.

थोरल्याचा हात साखळीवरच राहिला.

हा आप्पांचा ठोका होता. चकती बशीवर नीट बसली की नाही ते बघायला आप्पा हातोड्याच्या दांड्याने काठावर दोनदा ठोकायचे. खाली फट असेल तर आवाज भसाडा येतो. आणि मग तिसरा ठोका खाचेच्या डोक्यावर. तिथे लोखंड पातळ, म्हणून सूर चढा. त्याच जागी खडूची रेघ ओढायचे आणि म्हणायचे, "टोक इथं."

धाकट्याने तिसरा ठोका दिला होता. हाताची सवय असेल, थोरल्याने स्वतःला बजावलं. ज्या हातांनी ते शिकलं ते हात विसरत नाहीत, तोंड काहीही बोलो. ठोकलं म्हणून टोक तिथे घेईलच कशावरून? ठोकून झाल्यावर तो ड्रॉइंगच उघडणार.

पण तो सूर कानातून जाईना. पत्र्याच्या अलीकडे उभं राहून थोरल्याला क्षणभर स्वच्छ दिसलं की पलीकडे हातोडा उलटा धरलेला हात आहे, कोपर किंचित बाहेर, आणि ठोकल्यावर मान कलती करून ऐकणं चाललंय. तसंच्या तसं.

त्याने आपला हातोडा उचलला. त्याच्या जुन्या मशिनला ठोकून बघावंच लागायचं, त्याशिवाय चकती बसलीय की नाही ते कळतच नसे. काठावर दोन ठोके दिले. मग तिसरा, खाचेच्या डोक्यावर. खडू घेतला आणि रेघ ओढली. ती वाकडी आली म्हणून पुसून पुन्हा ओढली.

पलीकडचं मशिन त्यानंतर सुरू झालं.

चकत्या पंपघरात पोचल्या तेव्हा संध्याकाळचं ऊन खिडकीतून जमिनीवर आलं होतं. दोघं भाऊ आपापल्या चकतीबरोबर आले होते, एक गाडीत पुढे बसून, एक मागे. आल्यापासून दोघंही ड्रायव्हरशीच बोलत होते. इंजिनिअरबाईंच्या बाहीला कोपरापर्यंत ग्रीस लागलं होतं आणि त्यांना कुणाच्या बोलण्या-न बोलण्याची फिकीर नव्हती.

थोरल्याची चकती खाली ठेवली. धाकट्याची वरून साखळीने सोडली. बोल्टांची भोकं एकावर एक आली. थोरल्याने बघायचं टाळलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि पाना फिरल्याचे आवाज ऐकत राहिला. बोल्ट आवळले गेले. पाना थांबला.

तो वळला.

दाते भेटले होते. खालून उजवीकडून आलेला दात आणि वरून डावीकडून आलेला दात, मधोमध, टोकाला टोक. त्याने जवळ जाऊन जोडावर नख फिरवलं. नख अडलं नाही. पुढचा दात पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. साऱ्या घेरभर व्हीमागून व्ही लागला होता, एकाच हाताने एकाच दिवशी कापावा तसा. जोड कुठे आहे ते डोळ्यांना सापडत नव्हतं. थोरला गुडघ्यांवर बसला तो उठेचना. आयुष्यभर गिअर कापून हात काळे झालेला माणूस, पण असं काही आपण आजच पाहतोय असं त्याला वाटलं.

इंजिनिअरबाईंनी ड्रॉइंग उलगडलं. चाकाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे.

"इथे तर खळगा दाखवलाय. तुम्ही दोघांनीही टोक घेतलंत." मग त्या वाकून खाचेकडे बघायला लागल्या, कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या चाकापाशी जाऊन तिथे वाकल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "हे जास्त चांगलं आहे. खूपच चांगलं आहे! दोघांनी ठरवून केलंत?"

"नाही," थोरला म्हणाला.

"हो," धाकटा म्हणाला.

दोन्ही उत्तरं एकदमच आली. बाई एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिल्या, मग हसून चाक चढवायच्या मागे लागल्या.

पंप सुरू झाला तेव्हा आधी नुसतीच गुणगुण उठली. मग चाकाने वेग घेतला. दोन्ही बाजूंचे दाते वाहत मधोमध येत होते, मिळत होते, आणि पुन्हा दोन्ही बाजूंनी नवे येत होते, संपतच नव्हते. जमिनीखालच्या पाइपात पाणी चढायला लागल्याचा घोगरा आवाज झाला आणि पंपघरातल्या माणसांनी ओरडून एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. धाकटा पुढे झाला. त्याने खिशातून खडूचा तुकडा काढला आणि बेअरिंगच्या डब्यावर उभा करून ठेवला.

खडू उभा राहिला.

दोघं शेजारी शेजारी उभे राहून त्याच्याकडे बघत होते. हसायला आता मुलं नव्हती, आणि मान दुखेपर्यंत बघायला कुणाची आडकाठी नव्हती. थोरल्याचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत, हाताला ग्रीस होतं.

"कधी ठरवलं आपण?" त्याने खडूवरची नजर न काढता विचारलं.

"तू दारापर्यंत येऊन परत गेलास तेव्हा," धाकटा म्हणाला. "बोल्ट वाजला तुझ्या पायाखाली. ड्रॉइंगप्रमाणेच कापायचं असतं तर तू आलाच कशाला असतास?"

थोरल्याने खिशातला बोल्ट मुठीत धरला.

"आणि मग मी ठोकलं की," धाकटा म्हणाला.

"ते काय, सवयीनं ठोकतोच आपण. चकती बसली का बघायला."

धाकट्याने मान हलवली. तो अजून खडूकडेच बघत होता.

"आमच्या मशिनला ठोकावं लागत नाही, दादा."